बाळ अंगावर घेताना: पीएनसी (बाळंतिणींच्या) वॉर्डातल्या नर्सिंग विद्यार्थ्यांसाठी

‘स्तनपानाचे फायदे लिहा’ हा प्रश्न पेपरात आला की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंगचा कोणताही विद्यार्थी दहा मुद्दे सहज लिहितो. वॉर्डात मात्र बाळ रडत असतं, आईचे टाके ओढत असतात, आजी साखरपाण्याची वाटी घेऊन उभी असते आणि सगळ्यांचे डोळे ‘सिस्टर’कडे लागलेले असतात. तिथे ते दहा मुद्दे उपयोगी पडत नाहीत. तिथे लागतो तो पाहणारा डोळा, सरावलेला हात आणि दोन-तीन नेमकी वाक्यं. हा लेख त्यासाठी आहे.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण जन्मानंतरच्या पहिल्या तासात अंगावरचं दूध मिळालेली बाळं फक्त ४१.८ टक्के होती. म्हणजे आई आपल्या टेबलावर, बाळ आपल्या हातात, आणि तरीही निम्म्याहून अधिक बाळांचा तो तास निघून जातो. घरच्या चालीरीतींना दोष देण्याआधी हा आकडा आपण आपल्यापुरता नीट वाचला पाहिजे.

वॉर्डात जाण्याआधी

पहिला सराव आईवर करू नका. जुन्या मोज्यात कापूस भरून, मधोमध गाठ मारून बोंड आणि भोवती गडद कापडाचा गोल शिवून कापडी स्तन तयार होतो. बाळाच्या आकाराची बाहुली घ्या आणि मैत्रिणीला आई करून चारही पद्धतींनी (मांडीवर घेऊन, उलट्या हाताने, काखेखालून आणि कुशीवर झोपून) बाळ धरायला ‘सांगा’. हात लावायचा नाही, फक्त शब्दांनी सांगायचं. कोपर कुठे, तळहात कुठे, बाळाचं पोट कुणीकडे हे शब्दांत नेमकं सांगता येईपर्यंत हा सराव करा. बहुतेक विद्यार्थी इथेच अडतात, आणि म्हणूनच वॉर्डात गेल्यावर बोलण्याऐवजी थेट हात घालतात.

खिशात सेकंद काटा असलेलं घड्याळ, छोटी वही आणि पेन असू द्या. वॉर्डात पडदा, दोन उशा, स्वच्छ दुपटं, निर्जंतुक केलेली वाटी, चमचा आणि पलाडी (बाळाला दूध पाजायची, चोच असलेली छोटी वाटी) कुठे ठेवतात ते आधीच पाहून ठेवा. प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद किंवा हँडरबने २० ते ३० सेकंद हात स्वच्छ करायचे.

आईची परवानगी स्पष्ट शब्दांत घ्या: “ताई, बाळ पिताना मी जरा बसून बघू का?” पडदा आधी ओढा, मग पदर बाजूला करायला सांगा. मुलगे विद्यार्थी असतील तर सोबत स्टाफ सिस्टर किंवा आईची नातेवाईक बाई असलीच पाहिजे. आईने नकार दिला, तर तो कारण न विचारता मान्य करायचा.

पहिला तास

बाळ जन्मल्याबरोबर रडलं, श्वास नीट आहे, तर त्याची जागा आईच्या छातीवर. अंग कोरडं करा, पण हात पुसू नका. हातांना लागलेल्या गर्भजलाच्या वासाचा बाळाला स्तन शोधायला उपयोग होतो. डोक्याला टोपी घाला, दोन्ही स्तनांच्या मध्ये पालथं ठेवा आणि दोघांवर मिळून एक कोरडं पांघरूण टाका. मग थांबा. बाळ आधी निपचित पडतं, मग हात तोंडाकडे नेतं, ओठ चाटतं, पायांनी रेटा देत सरकतं. याला ३० ते ६० मिनिटं लागू शकतात. दहाव्या मिनिटाला बाळाला उचलून बोंडाला टेकवण्याचा मोह होतो. तो टाळा. वजन करणं आणि व्हिटॅमिन के चं इंजेक्शन ही कामं हा तास झाल्यावर करता येतात.

या तासात बाळावरची नजर काढायची नाही. नाक मोकळं आहे का, मान एका बाजूला वळलेली आहे का, रंग गुलाबी आहे का, श्वास चालू आहे का, हे निदान दर १५ मिनिटांनी बघा आणि लिहा. आई गुंगीत असेल तर तिच्या जवळून हलू नका.

सिझेरियन झालेल्या आईलाही हे लागू आहे. तिचं बाळ छातीवर आडवं ठेवता येतं म्हणजे पोटावर भार येत नाही. पुढच्या पाजण्यांना कुशीवर झोपून किंवा बाळ काखेखालून धरून पाजणं तिला सोपं जातं.

आधी एक अख्खं पाजणं बघा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण शिकण्याचा खरा भाग हाच आहे. पहिल्या पाच-सहा आयांच्या बाबतीत नियम ठेवा: हात मागे बांधून, आईच्या नजरेच्या पातळीवर बसून, सुरुवातीपासून बाळ स्वतःहून सोडेपर्यंत पूर्ण पाजणं बघायचं. बरेच विद्यार्थी ‘बाळ पितंय का?’ असं दारातून विचारतात, ‘हो’ ऐकतात आणि चार्टवर बरोबरची खूण करतात. त्या खुणेला काही अर्थ नाही.

बाळाची धरण चार गोष्टींवरून तपासायची. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत आहेत का? मान वळवून आपण स्वतः पाणी गिळून बघावं, म्हणजे ही रेषा का लागते ते कळतं. बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलं आहे का? बाळ आईच्या अंगाजवळ आहे का? आणि फक्त मानेलाच आधार आहे की ढुंगणापर्यंत सगळ्या अंगाला?

तोंडाची पकडही चार खुणांवरून कळते. तोंड मोठं उघडलेलं असतं, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, हनुवटी स्तनाला टेकलेली असते आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्या ओठाकडे कमी व वरच्या ओठाकडे जास्त दिसतो. काही आयांचा काळा भाग इतका मोठा असतो की तो सगळा तोंडात जाणं शक्यच नाही. म्हणून ‘सगळा काळा भाग आत गेला पाहिजे’ असं सांगू नका. वर-खालचा फरक बघा.

मग कान द्या. सुरुवातीला भराभर चोखणं, आणि पान्हा फुटला की लय बदलते: हळू, खोल ओढ, क्षणभर थांबणं, गिळणं. पहिल्या दिवशी गिळणं क्वचितच ऐकू येतं, कारण चीक थोडाच असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते वारंवार ऐकू यायला हवं. ‘चुट्‌चुट्’ आवाज येत असेल किंवा गालांना खळ्या पडत असतील तर पकड उथळ आहे.

बाळ सुटल्याबरोबर बोंडाकडे बघा. गोल, थोडं लांबट असेल तर ठीक. लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चपटं झालं असेल किंवा त्यावर पांढरी रेघ दिसत असेल, तर ते बाळाच्या हिरड्या आणि टाळूमध्ये दाबलं गेलं आहे. आई ‘दुखत नाही’ म्हणाली तरी ही खूण खोटं बोलत नाही.

पकड सुधारणं, पायरीपायरीने

आईला पाठीला उशी लावून बसवा. ती बाळाकडे वाकत असेल तर पाच मिनिटांत तिची पाठ आणि बाळाची पकड दोन्ही सुटतात. बाळ आईकडे आणायचं, आई बाळाकडे नाही.

१. बाळ भुकेच्या पहिल्या खुणांवर घ्या: चुळबुळ, तोंड उघडझाप, मान इकडेतिकडे वळवणं. रडणं ही शेवटची खूण आहे. रडणाऱ्या बाळाची जीभ वर असते, त्यामुळे त्याला लावायचा प्रयत्न फसतो. आधी आईच्या छातीवर उघड्या अंगाने शांत होऊ द्या.

२. डाव्या स्तनावर पाजायचं असेल तर शिकताना उजव्या हातात बाळ धरणं सोपं जातं. आईचा तळहात बाळाच्या खांद्यांच्या मध्ये, अंगठा आणि बोट कानांखाली. डोक्याच्या मागच्या बाजूला दाब द्यायचा नाही. तिथे दाबलं की बाळ उलट मागे ताणतं, आणि मग ‘बाळ घेतच नाही’ अशी तक्रार होते.

३. डाव्या हाताने स्तनाला इंग्रजी ‘सी’सारखा आधार, बोटं काळ्या भागापासून लांब. कात्रीसारख्या दोन बोटांत धरलं तर बाळाच्या तोंडात जायची जागाच अडते. स्तन किंचित दाबून बाळाच्या ओठांच्या दिशेने चपटा करायचा. वडापाव खाताना आपण पाव तोंडात मावेल असा दाबून धरतो, तसंच.

४. बाळाचं नाक बोंडासमोर, तोंड नाही. बोंडाने वरच्या ओठाला हलकं शिवायचं आणि जांभई दिल्यासारखं तोंड उघडण्याची वाट बघायची. ही वाट बघणं विद्यार्थ्यांना सगळ्यात कठीण जातं.

५. तोंड उघडलं की बाळाला खांद्यांपासून चटकन जवळ आणायचं: हनुवटी आधी टेकते, बोंड टाळूकडे जातं.

६. पहिल्या काही ओढींनंतरही दुखत राहिलं तर सहन करायला सांगू नका. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये घालून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. ओढून काढलं तर कातडी सोलते.

या सगळ्यात तुमचे हात मोकळे राहिले पाहिजेत. फार तर तुमचा हात आईच्या हातावर ठेवा, स्तनावर नको. तुम्ही बाळ लावून दिलं तर ते तुम्हाला जमलं; रात्री तीन वाजता तुमची ड्यूटी नसेल तेव्हा आईला जमायला हवं.

हेच लॅच स्कोअरमध्ये, म्हणजे पाजणं कसं जमतंय ते मोजणाऱ्या गुणांमध्ये, दिसतं. पकड, गिळण्याचा आवाज, बोंडाचा आकार, आईचं दुखणं आणि धरायला लागणारी मदत, या पाच बाबींना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण, एकूण १०. बाळ पूर्णपणे स्टाफने धरलं असेल तर शेवटच्या बाबीचा गुण ०, बाळ कितीही छान पीत असो. तिथे २ लिहिले जातात आणि अशी आई घरी गेल्यावर अडते. आणि बोंड चपटं म्हणून आकाराचा १ गुण मिळाला, तर बाळ पिऊ शकणार नाही असा अर्थ काढू नका. बाळ बोंड पीत नाही, स्तन पितं.

“सिस्टर, दूधच येत नाही”

हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल, बहुतेक दुसऱ्या दिवशी. उत्तर देण्याआधी विचारा: “असं कशावरून वाटतंय, ताई?” कधी बाळ रडतं म्हणून, कधी छाती मऊ लागते म्हणून, कधी पिळून बघितलं तर दोनच थेंब आले म्हणून. दूध भरून येणं साधारण ३० ते ७२ तासांत होतं. तोवर येणारा घट्ट पिवळसर चीक पहिल्या दिवशी एका वेळी काही मिलिलिटरच असतो आणि नवजात बाळाला तेवढाच लागतो.

पुरतंय की नाही हे आकड्यांवरून ठरवा. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून ६ किंवा जास्त. शी काळी, मग हिरवट, पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळी. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुपट्यावर विटकरी डाग दिसू शकतो. चौथ्या दिवसानंतरही तो दिसला तर दूध कमी पोचतंय. मुलींना पहिल्या आठवड्यात रक्ताचा एखादा थेंब जाऊ शकतो, त्यात आणि या डागात गल्लत करू नका.

वजन स्वतः काढा, स्वतः गणित करा. जन्मवजन २८०० ग्रॅम, आज २५७६. घट २२४ ग्रॅम, म्हणजे ८ टक्के. ही घट ७ टक्क्यांच्या पुढे गेली की पूर्ण पाजणं पुन्हा बघायचं, १० टक्क्यांवर गेली तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. साधारण १० ते १४ दिवसांत बाळ जन्मवजनावर परत येतं, नंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढतं.

दूध बनतं ते स्तन रिकामा झाल्यामुळे. बाळ जितकं ओढेल तितकं प्रोलॅक्टिन (दूध बनवणारं संप्रेरक) वाढतं, रात्री जास्त. म्हणून ‘रात्री आईला झोपू दे, बाळाला वरचं दूध देऊ’ ही मदत उलटी पडते. पान्हा फुटायला ऑक्सिटोसिन हे दुसरं संप्रेरक लागतं, आणि वेदना, भीती, अपमान यांनी ते अडतं. मुलगी झाली म्हणून खाटेशेजारी कुजबुज चालू असेल तर त्या आईचा पान्हा का आटला हे तुम्हाला कळायला हवं.

झोपाळू बाळाला पहिल्या दिवसांत दर तीन तासांनी उठवा. गुंडाळलेलं दुपटं सोडा, छातीवर उघडं ठेवा, पाठीवरून हात फिरवा. तळव्यांवर टिचक्या मारू नका.

आजींशी बोलताना

मध, साखरपाणी, गुटी, एरंडेल: यातलं काहीतरी पिशवीत असतंच. सहा महिन्यांपर्यंत पाणीसुद्धा नाही, हे सांगायचंच आहे. पण सुनेसमोर आजीला खोटं पाडून सांगू नका, घरी गेल्यावर वाटी पुन्हा निघते. गाय व्याली की पहिला चीक वासराला मिळालाच पाहिजे, हे गावाकडच्या आजीला कोणी शिकवावं लागत नाही. तिथून बोलणं सुरू करा. मधाबाबत मात्र स्पष्ट सांगा: त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला लुळेपणा आणणारा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत थेंबभरही नको.

आजीला काम द्या. ढेकर काढणं, बाळ छातीशी धरून ऊब देणं, सुनेला वेळेवर जेवण. अळीव, डिंक, मेथीचे लाडू जरूर खाऊ द्यात. पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० उष्मांक जास्त लागतात. फक्त दूध त्या लाडवांनी नव्हे, वारंवार पाजण्याने वाढतं हे सांगा. बाळंतिणीचं पाणी तोडण्याची पद्धत दिसली तर थांबवा.

डब्याचं दूध वॉर्डात कोणी ‘सॅम्पल’ म्हणून देऊ लागलं तर घेऊ नका. १९९२ च्या आणि २००३ साली दुरुस्त झालेल्या कायद्याने अशी जाहिरात आणि फुकट वाटप बंद केलं आहे.

हाताने दूध काढणं

प्रत्येक आईला हे यायला हवं, तक्रार नसली तरी. हात धुवून, रुंद तोंडाची निर्जंतुक वाटी. अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडापासून साधारण ३–४ सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या फासळ्यांकडे मागे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे दाबायची, सोडायचं. बोटं कातडीवर घसरू द्यायची नाहीत, बोंड पिळायचं नाही. दुखलं तर पद्धत चुकते आहे. बोटं गोल फिरवत सगळ्या बाजू रिकाम्या करा. एका बाजूला ३ ते ५ मिनिटं, मग दुसरी, पुन्हा पहिली, असं एकूण २० ते ३० मिनिटं. पहिली एक-दोन मिनिटं काहीच येत नाही. तिथे आई हात सोडून देते, म्हणून हे आधीच सांगून ठेवा.

बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल तर पहिल्या तासातच सुरुवात करा आणि २४ तासांत ८ ते १० वेळा, रात्री एकदा धरून. पहिल्या दिवशीचे थेंब १ किंवा २ मिलिच्या सिरिंजमध्ये गोळा करा, वाटीत ते काठाला लागूनच संपतात. काढलेल्या दुधावर आईचं नाव, तारीख, वेळ. आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर चार तासांच्या वर ठेवू नका, फ्रिजमध्ये २४ तास. आईचं दूध कमी पडलं तर दात्या मातांच्या दुधाची पेढी आहे का ते विचारा. आशियातली पहिली अशी पेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

पलाडीने पाजताना बाळ जागं हवं, अर्धवट बसतं. टोक तोंडाच्या कोपऱ्यात ठेवून थोडं थोडं, गिळल्यावरच पुढचं. ओतायचं नाही. खोकला आला, रंग निळसर झाला तर तिथेच थांबा. किती द्यायचं ते डॉक्टर लिहितात, पण गणित तुम्हाला पडताळता आलं पाहिजे: १८०० ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवशी ६० मिलि प्रतिकिलो म्हणजे १०८ मिलि, दर दोन तासांनी, बारा भागांत, ९ मिलि.

दुखणी

बोंडाला चिरा पडल्या तर मूळ कारण जवळजवळ नेहमी पकड असते; मलम नंतर, पकड आधी. कमी दुखणाऱ्या बाजूने सुरू करा, शेवटी दुधाचा थेंब लावून वाऱ्यावर सुकू द्या, साबण बंद. आत खोलवर जळजळ आणि बाळाच्या तोंडात पुसून न निघणारे पांढरे ठिपके असतील तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी होते, कातडी चकाकते, बोंड सपाट होतं आणि बाळ घसरतं. यात दुधाइतकीच सूजही असते, म्हणून जोरात चोळू नका, सूज वाढते. बोंडाभोवती पाचही बोटांची टोकं ठेवून छातीकडे एक मिनिट सौम्य दाबून धरा, काळा भाग मऊ झाला की थोडं दूध हाताने काढा आणि बाळ लावा. पाजल्यावर फडक्यात गुंडाळून थंड शेक १०–१५ मिनिटं.

ताप, अंगदुखी आणि स्तनाचा एक भाग लाल, तापलेला असेल तर डॉक्टरांना बोलवा, पण पाजणं बंद करू नका. थांबवलं तर गळू होण्याचा धोका वाढतो.

आत ओढलेल्या बोंडासाठी १० किंवा २० मिलिची सिरिंज वापरतात. सुई बसते ते टोक ब्लेडने कापायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा, आणि मूळची गुळगुळीत कड स्तनाला टेकवायची. दट्ट्या आईनेच हळू ओढायचा, ३० सेकंद ते एक मिनिट, पाजण्याआधी. कापलेली खरखरीत बाजू चुकून कातडीला लागली तर जखम होते.

एचआयव्ही असलेली आई, केमोथेरपी चालू असलेली आई, किंवा गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असलेलं बाळ यांच्याबाबत स्वतः सल्ला देऊ नका, डॉक्टर आणि समुपदेशकांकडे पाठवा.

पुढील गोष्टी दिसल्या तर लॅच-बिच बाजूला ठेवून धावत सांगायला जा: बाळ अजिबात ओढत नाही, उठवूनही उठत नाही, मिनिटाला श्वास ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते, झटके, अंग गार किंवा तापलेलं, पहिल्या २४ तासांत कावीळ, तळव्यांपर्यंत पिवळेपणा.

घरी सोडण्याआधी

‘स्तनपानाचा सल्ला दिला’ असं चार्टवर लिहू नका. काय दिसलं ते लिहा: ‘सकाळी १०.२०, डावी बाजू, १८ मिनिटं, गिळण्याचा आवाज वारंवार, आईने स्वतः धरलं, बोंड गोल, दुखणं नाही.’ पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला यावरून काम सुरू करता येतं.

आईला तीन गोष्टी करून दाखवायला सांगा, तुम्ही हात न लावता: बाळ लावणं, पकड सोडवणं, हाताने दूध काढणं. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, तो हिशेब आईला तारखांसकट कार्डावर लिहून द्या. पाजताना काही अडचण होती तर तीही त्याच कार्डावर, आशाताईंना वाचता येईल अशा मराठीत.